काचेची सिरिंज आणि विम्याचं कार्ड

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या घरात एक जुनी लोखंडी ट्रंक आहे. दिवाळीच्या साफसफाईत ती दरवर्षी बाहेर निघते आणि तशीच पुन्हा माळ्यावर जाते. तिच्यात इतर सटरफटर सामानाबरोबर दोन वस्तू आहेत. एक, स्टीलच्या लांबट डबीत ठेवलेली काचेची सिरिंज. दुसरी, घडीवर फाटलेलं कामगार विमा योजनेचं कार्ड. दोन्ही वस्तू आमच्या तात्यांच्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मुंबईत गिरणीत साचेवाले होते आणि त्यांना साखरेचा आजार होता. मधुमेह हा शब्द आमच्या घरात पुष्कळ उशिरा आला. तोवर 'तात्यांना साखर आहे' एवढंच म्हटलं जायचं.

मलकापूर म्हटलं की कुणाला बुलढाण्यातलं आठवतं, कुणाला शाहूवाडीतलं. आमचं मलकापूर कराडला खेटून असलेलं, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं. माझ्या लहानपणी ते गाव होतं, आता नगरपरिषद आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावासारखा इथल्याही घरोघरचा एक माणूस मुंबईला असायचा. गावाकडे मनिऑर्डर यायची, गणपतीला माणूस यायचा. तात्याही तसेच.

त्यांचा आजार १९७४ च्या सुमारास सापडला. पायाला लागलेला खिळ्याचा ओरखडा महिनाभर भरेना, म्हणून ते विम्याच्या दवाखान्यात गेले. तिथं लघवी तपासली. ती तपासणी तात्या पुढं घरी स्वतः करत आणि आम्ही पोरं भोवती बसून पाहत असू. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त आणि विटकरी झालं की तात्या गप्प बसायचे. बोटाला टोचून आकडा दाखवणारं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पण मुंबईत असेपर्यंत तात्यांना औषधाची चिंता नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्या कार्डावर त्यांना इन्सुलिनची कुपी मिळायची, सुया मिळायच्या, डॉक्टर तपासायचे. खिशातून एक पैसा जात नसे. पगारातून वर्गणी कापली जायची तेवढीच. हे कसं शक्य झालं, त्याला थोडा इतिहास आहे.

दुसरं महायुद्ध चालू असताना सरकारनं प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे एक काम सोपवलं होतं. कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विमा कसा उभारता येईल, ते सांगायचं. त्यांनी १९४४ साली अहवाल दिला. त्यावर पुढचं बांधकाम झालं आणि १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला. योजना प्रत्यक्ष सुरू झाली ती २४ फेब्रुवारी १९५२ रोजी, कानपूर आणि दिल्लीत. महाराष्ट्रात १९५४ साली आधी नागपूर आणि मग मुंबई असा क्रम लागला. मालकानं थोडं द्यायचं, कामगारानं थोडं द्यायचं आणि आजारी पडला की कामगाराची आणि त्याच्या माणसांची काळजी योजनेनं घ्यायची, असा हा व्यवहार. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ साली सुरू केलेल्या आजार विम्याची ही दूरची भावंडं.

या योजनेतल्या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या कथेसाठी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे कामाला लागताना तुला आधीपासून काही आजार आहे का, असं विचारून कुणाला बाहेर ठेवत नसत. वर्गणी भरलीस ना, मग तू आत. दुसरी गोष्ट, औषध मिळायला खाटेवर झोपावं लागत नव्हतं. रांगेत उभं राहायचं, खिडकीतून बाटली घ्यायची आणि पाळीवर जायचं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत आपल्याकडे आरोग्य विम्याच्या नावानं जे जे आलं, त्यातल्या बहुतेकांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

तात्यांना ते इन्सुलिन कसं आलं, कुठून आलं, याची माहिती नव्हती. ते म्हणायचे, "बैलाचं असतं." चूक नव्हतं ते. त्या काळी गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच ते काढत. १९२१ साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी त्याचा शोध लावला. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. तोवर लहान वयात हा आजार झाला म्हणजे मूल काही महिन्यांचं सोबती, असंच धरून चालत. पुढच्याच वर्षी बँटिंग, बेस्ट आणि कोलिप या तिघांनी आपलं पेटंट टोरांटो विद्यापीठाला दिलं, प्रत्येकी एक डॉलर घेऊन. औषधावर कुणा एकाची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागचा हेतू. शोध लावणाऱ्यांनी असा विचार केला, आणि तरी शंभर वर्षांनंतर जगात सर्वत्र प्रश्न तोच आहे की या कुपीचे पैसे कुणी भरायचे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्यावर नाटकं आली, सिनेमे आले, पुस्तकं आली. गिरणगावातल्या खोल्या, भिशा, खानावळी यांचं काय झालं तेही लिहून झालं. विम्याच्या कार्डाचं काय झालं, हे मात्र मी फारसं कुठं वाचलेलं नाही. वर्गणी थांबली की ठरावीक मुदतीनंतर हक्कही थांबतो, असा योजनेचा नियम. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, विम्याचा हिशोबच तसा असतो. पण संप महिनोन्‌महिने लांबला. हजारो माणसं कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला आपापल्या गावी परतली. त्यांच्याबरोबर त्यांचे दमे, क्षय आणि साखर हे आजारही परतले. फक्त ते कार्ड निरुपयोगी होऊन परतलं.

तात्या १९८३ च्या शिमग्याला आले ते परत गेलेच नाहीत. येताना चार कुप्या आणल्या होत्या. आमच्याकडे फ्रीज कुठला! काकींनी न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक माठ अर्धा वाळूनं भरला, वाळू ओली करून ठेवली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कुपी त्यात पुरली. उन्हाळ्यात दिवसातून तीन वेळा त्या वाळूवर पाणी शिंपायचं, हे काम माझं. सकाळी पातेल्यात सिरिंज उकळायची. त्या पातेल्यात दुसरं काही करायचं नाही, असा काकींचा दंडक होता.

कुपीचा हिशोब साधा होता. दहा मिलिलिटरची कुपी, दर मिलिलिटरला चाळीस युनिट, म्हणजे एका कुपीत चारशे युनिट. तात्यांना दिवसाला चाळीस लागत. दहा दिवसांत कुपी संपायची, महिन्याला तीन लागायच्या. एका कुपीला काकींची दोन-तीन दिवसांची भांगलणीची हजेरी जायची. म्हणजे महिन्यातले आठ-नऊ दिवस काकी तात्यांच्या इन्सुलिनसाठी भांगलत होत्या. तात्यांना हे बघवत नसे. मग त्यांनी गुपचूप तीसवर आणलं, नंतर पंचवीसवर. परीक्षानळी विटकरी व्हायला लागली, तसं त्यांनी तपासणंच सोडून दिलं. १९८६ साली डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. त्यासाठी काकींची बोरमाळ गेली. त्या एका शस्त्रक्रियेच्या खर्चात किती वर्षांचं इन्सुलिन आलं असतं, याचं गणित मी तेव्हा कॉलेजात असल्यानं मांडलं होतं. ते गणित मी घरात कुणाला दाखवलं नाही.

आता गंमत पाहा. नेमक्या याच वर्षांत आमच्या मलकापुरात मोठं रुग्णालय उभं राहत होतं. रेठऱ्याच्या कृष्णा साखर कारखान्यामागचे जयवंतराव भोसले यांच्या पुढाकारानं कृष्णा हॉस्पिटल आलं आणि १९८४ साली त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. २००५ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कृष्णा-कोयनेच्या काठचा ऊस, त्या उसातून उभा राहिलेला सहकार आणि त्या सहकारातल्या माणसांनी उभं केलेलं रुग्णालय. साखरेतून आलेल्या बळावर उभ्या राहिलेल्या या इमारतीत साखरेच्या आजाराचे रुग्ण, असं आम्ही मास्तर मंडळी चहा पिताना म्हणायचो. विनोद बाजूला ठेवा. ज्या भागात अवघड रुग्णाला मिरजेला किंवा पुण्याला न्यावं लागे, तिथं तज्ज्ञ डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर आले, ही काही लहान गोष्ट नाही.

पण रुग्णालय जवळ असणं वेगळं आणि रोजची कुपी परवडणं वेगळं. याच मलकापुरानं पुढं पाण्याच्या बाबतीत एक फार चांगलं काम केलं. चोवीस तास, मीटरनं नळाला पाणी देणारं छोटं शहर म्हणून त्याचं नाव देशभर झालं. ते पाणी पाहायला बाहेरगावचे लोक येतात. मला त्यावरून नेहमी वाटतं, साखरेच्या रुग्णाला हवी असते ती अशीच नळाची व्यवस्था, थोडं थोडं, पण रोज आणि खात्रीनं. आपण त्याच्यासाठी ठेवला आहे तो आगीचा बंब. घर पेटलं की घंटा वाजवत येणार.

हे असं का झालं? तर आपण 'विमा' या कल्पनेच्या मागं लागलो. विम्याचं मूळ तत्त्व असं की शंभर जणांच्या गंजी आहेत, त्यातल्या एकाचीच जळणार आहे, कुणाची ते माहीत नाही. शंभरांनी थोडे थोडे पैसे काढून ठेवायचे आणि ज्याची जळेल त्याला द्यायचे. चोख हिशोब आहे. पण साखरेच्या रुग्णाची गंजी रोज थोडी थोडी जळतच असते आणि ते सगळ्यांना दिसत असतं. कुठला विमावाला अशी गंजी पदरात घेईल?

१९७२ साली सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यातल्या चार सरकारी कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम नावाची पॉलिसी आणली. मध्यमवर्गाला पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं आरोग्य विमा घेता येऊ लागला. पॉलिसीत एक कलम होतं, विमा घेण्याआधीपासून जो आजार आहे त्याचा खर्च मिळणार नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, कधीच नाही. साखरेच्या रुग्णाला त्याचा अर्थ फार दूरवर जायचा. मूत्रपिंड बिघडलं तर म्हणणार साखरेमुळं. डोळा गेला, साखरेमुळं. हृदयाचा झटका आला, तोही साखरेमुळं. मग विमा कशाचा राहिला? म्हशीनं शिंग मारल्याचा.

माझ्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली ती १९९८ साली. आमच्या घराण्यात ती येणार हे ठरलेलंच होतं. वर्षभरानं एक विमा प्रतिनिधी घरी आले. ओळखीतले, सज्जन माणूस. अर्ज भरताना मधुमेहाच्या रकान्यापाशी आले आणि पेन थांबवून म्हणाले, "गुरुजी, इथं 'नाही' लिहू या. सगळेच लिहितात." मी म्हटलं, आणि उद्या कळलं तर? ते म्हणाले, "उद्याचं उद्या." मी अर्ज भरला नाही. यात माझा फार मोठा सत्यवादीपणा नव्हता. पोरांपुढं इतिहास शिकवणाऱ्या माणसाला कागद किती वर्षांनी बोलतो याची थोडी कल्पना असते, इतकंच.

कागद बोललेही. १९९० साली मेडिक्लेम घेतलेल्या एका गृहस्थांचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांना जुना मधुमेह होता, मूत्रपिंड निकामी होत होतं आणि अर्जात प्रकृती ठणठणीत असल्याचं लिहिलं होतं. वर्ष संपायच्या आत ते गेले. पत्नी भरपाईसाठी भांडत राहिली. निकाल २००९ साली लागला, एकोणीस वर्षांनी. महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून दावा नाकारण्याचा कंपनीचा अधिकार न्यायालयानं मान्य केला. कायद्यानं पाहिलं तर निकाल बरोबरच आहे. पण रकान्यात 'हो' लिहिलं असतं तर त्या माणसाला दार उघडलं असतं का, हा प्रश्न न्यायालयापुढं नव्हता.

गरिबांसाठी स्वस्त पॉलिसी काढण्याचे प्रयत्न झाले. १९९६ साली जन आरोग्य पॉलिसी आली. तरुण माणसाला वर्षाला सत्तर रुपये हप्ता आणि पाच हजारांचं संरक्षण. २००३ साली केंद्रानं दिवसाला एक रुपयाची योजना आणली, तीस हजारांपर्यंतची. दोन्ही रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या. साखरेच्या रुग्णाला जन आरोग्यातही जुन्या आजाराचं तेच कलम आडवं यायचं.

याहून मला आपलेपणा वाटतो तो दोन वेगळ्या प्रयोगांबद्दल. एक वर्धा जिल्ह्यातला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा चालवला. सुगीत शेतकऱ्याच्या हातात नोटा नसतात, धान्य असतं. म्हणून वर्गणी ज्वारीत. ज्याच्याकडे जमीन जास्त त्यानं जास्त ज्वारी घालायची, भूमिहीनानं थोडी. गावातले बहुसंख्य लोक सामील झाले तरच गाव योजनेत. विमा म्हणजे इंग्रजी कागदावरची बारीक अक्षरं नव्हेत, खळ्यावरची एक रास आहे, हे त्या लोकांनी करून दाखवलं. पण तिथंही हिशोब जमवताना अचानक आलेलं दुखणं आणि आधी ठाऊक असलेलं दुखणं यांत फरक करावाच लागला. पहिल्याला मोफत, दुसऱ्याला सवलत.

दुसरा प्रयोग आपल्या शेजारचा, कर्नाटकातला. २००३ साली तिथं सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. माणशी महिन्याला पाच रुपये, वर्षाला साठ. त्यात शस्त्रक्रिया मोफत. सांगली-मिरजेहून तासाभरावर हे घडत होतं आणि सहकाराची पंढरी आम्ही! आमच्याकडे ऊसबिलातून नाना प्रकारच्या कपाती होतात. त्यात साठ रुपयांची आणखी एक झाली असती तर कुणी कुरकुरलं नसतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. अर्थात, यशस्विनीनंही साखरेच्या गोळ्या दिल्या नव्हत्याच. पाय कापायचा तर कापून देणार, एवढीच तिचीही पोहोच.

सरकारी योजनांत खरा बदल आला २००८ नंतर. त्या वर्षी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली आणि जुना आजार चालणार नाही हे कलम तिनं काढूनच टाकलं. मग २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत आली. त्यात सातारा नव्हता. आपल्यापर्यंत ती पोहोचली २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, राज्यभर विस्तार झाला तेव्हा. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती पांढऱ्या शिधापत्रिकेसकट सगळ्यांसाठी खुली करायची आणि मर्यादा पाच लाख करायची असं ठरलं. उपचारांची यादी १,३५६ झाली.

इथं विमा प्रतिनिधीच्या अर्जावरचा तो रकाना नाही. साखर आहे का, असं कुणी दारात अडवत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या साखरेच्या रुग्णाला डायलिसिस मिळतं. आमच्या ओळखीतले दोघे-तिघे आज या योजनेमुळं जिवंत आहेत, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. पण डायलिसिसच्या खुर्चीवर बसेपर्यंतची जी पंधरा-वीस वर्षं असतात, सकाळच्या गोळीची, संध्याकाळच्या इंजेक्शनची, तीन महिन्यांनी करायच्या रक्ततपासणीची, त्या वर्षांचं काय? योजना खाटेपाशी सुरू होते. खाटेच्या अलीकडे ती नाही. १९४४ सालच्या आडारकरांच्या कागदातून निघालेली योजना खिडकीतून बाटली देत होती. आज ती आहेच, दरमहा एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या नोंदणीकृत कामगाराला ती अजून देते. पण भांगलणीला जाणाऱ्या बाईला, वडापच्या चालकाला, रस्त्याकडेला भजी तळणाऱ्याला पगारपत्रक कुठलं?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न त्यांनी वेगळ्या रीतीनं सोडवला. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. पुढं सरकारला पैशाची चणचण भासली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधाला शुल्क लावलं गेलं. पण १९६८ साली हे शुल्क नव्यानं लावताना औषधावर असलेल्या मधुमेही रुग्णांना त्यातून वगळलं. आजही तिथं त्यांना चिठ्ठीवरच्या औषधाला पैसे पडत नाहीत. त्यांचा हिशोब व्यवहारी आहे, गोळी फुकट देणं हे पाय कापण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आपल्याकडे खिडकीतून बाटली देण्याचं काम सरकारी दवाखान्याचं. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाला, हळूहळू पसरला. २०१७ पासून तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याची मोहीम आली. आशाताई दारात येऊन कमरेचा घेर मोजतात आणि आमच्या गल्लीतल्या बाया हसतात. हसू देत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनं देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यातल्या किती जणांचा आजार अजून त्यांना स्वतःलाही ठाऊक नसेल, कोण जाणे.

आणि औषधंही थोडी आवाक्यात आली आहेत. २००३ साली वोक्हार्ट कंपनीनं माणसाच्या इन्सुलिनसारखं इन्सुलिन इथंच, औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात तयार केलं. तात्यांचं 'बैलाचं' मागं पडलं. सरकारनं ज्या आवश्यक औषधांच्या किमती बांधून दिल्या आहेत त्यात मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन आहेत. नव्या गोळ्यांपैकी व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, सिटाग्लिप्टिनचं जुलै २०२२ मध्ये, आणि त्यांच्या किमती धाडकन खाली आल्या. पेटंटच्या तारखेवर आपल्या घरचं औषधाचं बिल अवलंबून असतं, हे मला माझ्या औषध दुकानदारानं शिकवलं.

मग आज मलकापुरातल्या, विमा नसलेल्या साखरेच्या रुग्णानं जायचं कुठं? आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, किंवा कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. रांग असते. एखादं औषध त्या दिवशी नसतं. तरीही महिन्याची गोळी तिथून घ्यायची सवय लावावी. तिथं नसेल ते जन औषधी दुकानातून, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन.

दाखल व्हायची वेळ आली तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, आधी त्याला भेटायचं, पैसे भरायच्या खिडकीवर नव्हे. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचं वेगळं आयुष्मान कार्ड निघतं, उत्पन्न कितीही असो. योजनेच्या यादीत आपला उपचार नसेल तर धर्मादाय रुग्णालयांचा कायदा आहे. १९८५ साली सार्वजनिक विश्वस्त कायद्यात त्याचं कलम आलं. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली त्याला दात दिले. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. आता वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या. उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आजारी पडल्यावर नाही, आधी काढून ठेवायचा.

आणि खासगी विमा घ्यायची ऐपत असेल तर रकान्यात 'हो' लिहा. दिवस बदलले आहेत. कंपनी हप्ता वाढवील, क्वचित नाकारीलही, पण घेतला तर २०२४ च्या नियमांप्रमाणं जुन्या आजारासाठी तुम्हाला जास्तीत जास्त तीनच वर्षं थांबवता येतं. सलग पाच वर्षं हप्ते भरलेत की माहिती दडवल्याचं कारण काढून दावा नाकारता येत नाही, उघड फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

हे सगळं ऐकून घरी गेल्यावर एक काम मात्र लगेच करा. शिधापत्रिका काढा आणि तिच्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का, ते आधार कार्डावरच्या नावाशी जुळतं का, एवढं पाहा. तात्या १९९१ साली गेले. त्यांचं नाव शेवटपर्यंत लालबागच्या कार्डावर होतं, आमच्या मलकापूरच्या कार्डावर ते कधी चढलंच नाही.